कोऱ्या जागेतले नाव

कचेरीतले कुठलेही इंग्रजी पत्र हेडक्लार्कांच्या सहीशिवाय बाहेर जात नसे. हा नियम त्यांनीच बावीस वर्षांपूर्वी साहेबांच्या गळी उतरवला होता. विशेषण कुठे नि क्रियाविशेषण कुठे, एवढे पाहायला ते एकेक पत्र आठ-आठ दिवस टेबलावर ठेवत. 'क्विक' दिसले की त्याला शेपूट लावून 'क्विकली' करत, म्हणून माघारी सगळे त्यांना लीमास्तर म्हणत.

या महिनाअखेर ते निवृत्त व्हायचे होते. दोन वर्षांच्या मुदतवाढीसाठी त्यांनी अर्ज केला होता आणि सारा जीव त्यात अडकला होता. घरी त्यांच्या इंग्रजीला कुत्रे विचारत नव्हते. सुनेने तर दूध आणायचे नि नातवाला शाळेत सोडायचे काम त्यांच्या नावावर आधीच टाकले होते.

मंगळवारी स्टेनोबाईंनी एक मसुदा पुढे ठेवला.

"काका, साहेबांनी दिलाय. मुख्य कार्यालयाला जायचाय. आपल्यातल्याच एकाबद्दल आहे. गोपनीय, म्हणून नाव कोरं."

नाव कोरे ठेवायची पद्धतही त्यांचीच. पण लीमास्तरांनी लगेच ओळखले, हा भांडारातला कारकून! मागच्याच आठवड्यात त्याने भर कँटीनमध्ये त्यांची नक्कल केली होती.

मसुदा अगदीच मिळमिळीत होता. हा गृहस्थ जरा 'स्लो' काम करतो, कधीकधी 'रूड' बोलतो, बस्स. लीमास्तरांनी तांबडे पेन उघडले. 'स्लो'चे 'स्लोली' झाले, मग 'पेनफुली स्लोली'. 'रूड'चे 'रूडली' झाले, आणि 'कधीकधी' खोडून तिथे 'हॅबिच्युअली' आले. फार दिवसांनी हात असा सुटला होता. खरे तर त्यांना मजा येत होती.

"काका, फार कडक नाही ना होत?"

"बाई, क्रिया कशी झाली ते नेमकं सांगतं ते क्रियाविशेषण. तिथे दयामाया नसते."

लीमास्तरांनी परत पाठवलेली पत्रे बाईंनी बावीस वर्षे पुन्हा पुन्हा टाईप केली होती. त्यांनी मसुदा उचलला नि तसाच साहेबांकडे नेला.

गुरुवारी पक्की प्रत सहीला आली. कोऱ्या जागेत लीमास्तरांचे स्वतःचे नाव होते आणि खाली 'मुदतवाढ देऊ नये' अशी शिफारस. ते कागद घेऊन तडक साहेबांच्या खोलीत शिरले.

"साहेब, हे... माझ्याबद्दल?"

"म्हणजे? तुम्हाला कळलं नव्हतं?" साहेब चपापले. "अहो, शेवटी 'तरीही मुदतवाढ द्यावी' असं घालणार होतो मी. पण तुमच्या दुरुस्त्या वाचल्या आणि भारावलो. माणूस स्वतःबद्दल इतकं खरं लिहितो! मग म्हटलं, आता आपण तरी का आडवं यावं?"

"पण साहेब..."

"काही चुकीचं आहे का त्यात?"

लीमास्तरांनी पत्र उभ्याउभ्याच तीनदा वाचले. एक शब्द हलवायला जागा नव्हती. टेबलावर आठ दिवस दाबून ठेवावे, तर तोच आयता पुरावा झाला असता. त्यांना रडू येत होते.

त्यांनी सही केली. त्यांच्या हातून पाच मिनिटांत मोकळे झालेले ते पहिलेच पत्र.