निकाळजे सरांच्या दारातलं उच्च न्यायालय

सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला की आमच्या उच्च न्यायालयाला इमारतीसकट त्या माणसाच्या दारात जाऊन माफी मागावी लागते. मी तिथला चोपदार. एरवी चांदीची काठी घेऊन न्यायमूर्तींच्या पुढे चालतो, अशा वेळी इमारतीच्या पुढे.

या खेपेला मंगळवेढ्याला जायचं होतं. निकाळजे सर तिथल्या शाळेत संगीत शिकवायचे. शाळेची पेटी चोरल्याचा आळ त्यांच्यावर आला. जिल्हा न्यायालयाने त्यांना दोषी ठरवलं आणि आम्ही ते कायम केलं. चूक आधी खालच्यांनी केली, असं म्हणायची सोय आहे. पण खालच्यांची चूक सुधारायलाच तर आम्हाला मध्ये बसवलंय. वाटभर मला लाज वाटत होती. इमारतही रस्त्याच्या कडेकडेने, खालमानेने येत होती.

गल्लीत वळताना तिचे दोन खांब खरचटले. आवाज ऐकून सर बाहेर आले. आमच्या निकालानंतर जामिनावर घरी आल्यापासून त्यांनी उंबरा ओलांडला नव्हता.

"उच्च न्यायालय आपली माफी मागतंय," मी म्हणालो. "आपण 'माफ केलं' म्हणालात की आम्ही निघू."

सरांनी वर घुमटाकडे पाहिलं आणि घाईघाईने हात जोडले. "एवढं मोठं कोर्ट माझ्या दारात? माझंच काहीतरी चुकलं असेल, साहेब."

"नाही सर, चूक आमची. तसा वरचा निकाल आहे."

"असेल. पण कोर्टाला माफ करणारा मी कोण?"

माफी मिळाल्याशिवाय परत फिरता येत नाही, असा नियम आहे. आम्ही वर विचारलं. माफ करण्याचा आदेश कुणालाही देता येत नाही, असं उत्तर आलं. तेव्हा कामकाज तिथेच सुरू झालं. वकील सरांच्या ओट्यावर डबे खाऊ लागले. सर त्यांना पाणी आणून देत.

काही दिवसांनी सरांच्या पत्नी विमलताई माझ्याकडे आल्या.

"दादा, आता तुम्ही जावा. वरचा निकाल लागला तशी गल्ली आमच्याशी जरा बोलाय लागली होती. आता म्हणतात, सुटला असता तर कोर्ट दारात कशाला बसलं असतं?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "ताई, सरांना तेवढं 'माफ केलं' म्हणायला सांगा ना."

"सांगून बघितलं. ते म्हणतात, कोर्टासमोर खोटं कसं बोलू?"

तेवढ्यात न्यायमूर्ती आले. मी काठी उचलली आणि मान खाली घालून त्यांच्या पुढे चालू लागलो.