शब्दांची भावकी काढणारा पांडबा

आमच्या पांडबा चौगल्याला रिक्षात बसवायची सोय न्हाय. बसला की रिक्षावाल्याला विचारणार, "ऑटो म्हंजे काय, ठावं हाय?"

परवा एक म्हणाला, "रिक्षा की!"

"न्हाय! ऑटो म्हंजे आपलं आपण. ऑटोमॅटिक, ऑटोग्राफ, सगळी एका भावकीतली. मूळ गाव ग्रीस!"

"मग पावणं, ही आपली आपण जातीया काय? का मी उतरू?"

तो कशाला उतरतोय, आम्हालाच उतरवलं. भर उन्हात.

पांडबा माझा शेजारी. साखर कारखान्यातनं रिटायर झाला, लग्न केलं न्हाय, डिक्शनरी घेऊन बसला. सोयरीक जुळवताना आपण कुळी काढतो, तशी हा इंग्रजी शब्दांची काढतो. ज्यांचं तोंड सारखं, ती एक भावकी. माझी शाळा गुरांमागं गेली. मला त्यातलं ढेकूळ कळत न्हाय, पण त्याला त्याचं काय?

दूध कट्ट्यावर म्हशीची धार चाललेली, आपण ग्लास धरून उभं, आणि हा ओरडतो, "टेली म्हंजे लांब! टेलिफोन, लांबचा आवाज! टेलिस्कोप, लांबचं बघणं! आणि टेलिव्हिजन?" मग स्वतःच सांगतो, "बाप ग्रीक, आई लॅटिन! पळून जाऊन केल्यालं लगीन!"

म्हैस बुजली. गवळ्यानं ज्या शिव्या घातल्या, त्यांचं मूळ गाव मात्र हितलंच.

माझी बायको गेली, तरी हा रोज संध्याकाळी दारात. "आण्णा, मायक्रो म्हंजे..."

एकदा मी फाडकन बोललो, "घर मोकळं पडलंय माझं, आणि तुला ग्रीस सुचतंय? परत येऊ नगंस!"

आला न्हाय. दुसऱ्या दिवशीबी न्हाय. मग घर असं खायला उठलं, की मीच चप्पल घातली.

खाटेवर बसला हुता, दाढी वाढलेली. म्हणाला, "वैनी भाकरी थापत ऐकायच्या. त्यांच्याबिगर माझं कुणी पुरतं ऐकलं न्हाय. आता तूबी हाकललंस. सांगू कुणाला?"

मला हे ठाऊकच नव्हतं. "काय म्हणायची ती?"

"कायच न्हाय. नुसतं, व्हय का?"

मी खाटेवर टेकलो. "सांग."

"तुला कळायचं न्हाय."

"तिला तरी कुठं कळत हुतं? सांग की!"

गडी ताडकन उठला. "ट्राय म्हंजे तीन! ट्रायअँगल, ट्रायसिकल..."

"व्हय का?" म्हणायला गेलो, आणि आवाज फुटला.

पांडबानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं, आणि दुप्पट आवाजात पुढची भावकी काढली.