समोरून येणारी बस

"माझी बस दाखवायलाव, ते कळलं! पर समोरनं येणारी बस कुठं गेली? कुणी खाल्ली?"

असं ओरडून भानुदास सुरवसेनं टेबलावर अशी थाप मारली की समोशांची प्लेट हवेत उडाली, चटणी केतकी मॅडमच्या लॅपटॉपवर सांडली आणि तळवड्याच्या अख्ख्या आयटी पार्कची वीज गेली. विजेबद्दल मी पैज लावणार नाही. चटणीबद्दल लावीन, कारण ती मी पुसली.

त्याचं झालं असं, की शहरातल्या बस आणि मेट्रोचं ॲप नव्यानं करायचं काम आमच्या कंपनीकडे आलं होतं. जुनं ॲप म्हणजे निव्वळ जत्रा. सांडलेल्या साखरेला मुंग्या लागाव्यात तशा नकाशावर जाणाऱ्या-येणाऱ्या बसगाड्या रांगायच्या. आमच्या टीमच्या प्रमुख केतकी मॅडम यांनी ते सगळं झाडून लख्ख केलं. आता पडद्यावर तुमचा थांबा, तुमची बस, आणि बाकी जागा अशी पांढरीशुभ्र की बोटानं रांगोळी काढावी. मग रोजच्या प्रवाशांना बोलावून ते दाखवायचं ठरलं आणि मी माझ्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या सुरवसेला घेऊन आलो.

"पण सर, तुम्ही चाकणला जाणार," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "चाकणहून येणाऱ्या बसमध्ये तुम्ही बसणारच नाही. मग ती दिसायला कशाला हवी?"

"समोरच्या घरात मी ऱ्हात न्हाई, म्हनून माझी खिडकी बुजवू का?"

"पण बघून करणार काय?"

"बघनार!" सुरवसे म्हणाला. "हे तुमचं काय बरूबर न्हाई."

आणि उरलेला समोसा खिशात घालून तो पाळीवर निघून गेला.

हा माणूस मूळचा लातूरकडचा. चाकणच्या एका कारखान्यात प्रेसवर आहे. जन्मभर पत्र्यावर दणके ऐकून त्याचा आवाजही त्याच टनेजचा झालाय. तो जिन्यात नुसता "काय इंजिनेर" म्हणाला तरी खाली पार्किंगमधल्या गाड्या बोंबलायला लागतात. गावाकडे बोलताना त्याला फोनची गरज नसते. चारचौघांत बरं दिसावं म्हणून तो हातात धरतो.

आणि तऱ्हा तरी किती! बसमध्ये त्याला जागा लागते ती उजव्या हाताच्या खिडकीचीच. डावीकडं राजाचं सिंहासन ठेवलं तरी तो उभा राहील. उजवीकडच्या खिडकीसाठी त्यानं एकदा एका पैलवानाला उठवलं होतं. कसं, ते पैलवान अजून सांगत नाही.

मेट्रोचा तर त्याला मनस्वी राग. "ती काय गाडी हाय व्हय?" तो म्हणतो. "समोरची गाडी आली कधी, गेली कधी, कळतंय का? मान्साचं तोंड दिसत न्हाई. आन् जाम लागत न्हाई तिला कधी. ते काय बरूबर न्हाई."

हो, तुम्ही बरोबर वाचलंत. जाम लागत नाही ही त्याची तक्रार आहे!

चाकणच्या रस्त्यावरचा जाम काय चीज आहे, हे बाहेरगावच्या वाचकाला सांगायला हवं. तिथं एका ट्रकमधले हिरवे टोमॅटो लाल होऊन बाजारात पोचले होते. मी स्वतः एकदा गुळगुळीत दाढी करून बसमध्ये चढलो आणि उतरलो तेव्हा दोन बायका मला बुवा समजून पाया पडल्या. अशा जामला सगळी दुनिया शिव्या घालते. हा एकटा माणूस सकाळी देवापुढं उदबत्ती लावून म्हणतो, "इंद्रायणीच्या पुलावर आज जरा अडकू दे." रस्ता खणायला घेतला तेव्हा यानं सोसायटीत पेढे वाटले. आम्ही खाल्ले. डोक्यावर परिणाम झालेल्या माणसाचे पेढे परत करणं चांगलं दिसत नाही.

चटणीच्या प्रसंगानंतर दुसऱ्या दिवशी मी त्याला बसथांब्यावर गाठला. म्हटलं, "सुरवसे, अहो, खरं काय ते बोला. मॅडमपुढं तुमची बाजू मांडायची तर मला कारण नको का?"

त्यानं आधी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. मग त्याचा तो दणक्यांचा आवाज एकदम खाली आला. इतका, की मला कान जवळ न्यावा लागला.

"तिची बस असती ती."

ती म्हणजे सुनीतावहिनी, त्याची बायको. चाकणजवळच्या निघोज्याला एका कंपनीत वायरिंगच्या लाइनवर काम करतात. आता माझ्या डोक्यात उजेड पडला. या नवरा-बायकोला एकत्र पाहिल्याचं आमच्या सोसायटीत कुणी शपथेवर सांगू शकणार नाही. आमच्या वॉचमनचं तर ठाम मत होतं की वरच्या मजल्यावर दोन वेगवेगळी बिऱ्हाडं आहेत. घरात लहान पोर. तिला सांभाळायला एकानं तरी हवं. म्हणून वहिनींची कायम पहिली पाळी, याची कायम दुसरी. वहिनी सुटतात तेव्हा हा निघतो. मधला वेळ पोरगी आमच्याकडे माझ्या आईजवळ. बरं, सुट्टी तरी? याची रविवारी, वहिनींची गुरुवारी. चाकणमध्ये कंपन्या सुट्ट्यासुद्धा आपापल्या वाटून घेतात.

"मंग घरात काय बोलनार?" तो म्हणाला. "डब्यावर चिठ्ठी असती. गॅस संपला, फी भरा, डाळ भिजवली हाय. तेवढंच. पर पुलावर कधी जाम लागला ना इंजिनेर, तर तिची बस आन् माझी बस शेजारी शेजारी लागत्यात. खिडकीला खिडकी." त्यानं दोन्ही तळवे एकमेकांसमोर धरून दाखवले. "कोनती बस तिची, ते कळलं की नीट बघता येतंय. न्हाई कळलं तर निघून जाती."

मी ऑफिसात गेलो आणि माझ्या आयुष्यातली सर्वांत निर्मळ थाप मारली. केतकी मॅडमना म्हटलं, समोरची बस दिसत नाही म्हणून चाकण-निघोज्यात असंतोष धुमसतोय, कामगार मोर्चा काढायच्या बेतात आहेत. मॅडमनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. त्यांना थाप कळली, हे मला कळलं.

"तुमचे ते सुरवसे?" त्या म्हणाल्या.

मी सगळं सांगून टाकलं. मॅडमनी त्या पांढऱ्याशुभ्र पडद्याच्या कोपऱ्यात एक बारीकसं बटण काढलं. दाबलं की समोरून येणारी बस दिसणार, लाल ठिपका म्हणून. आपली बस निळी.

ते चालतं का, हे पाहायला मीच एका दुपारी सुरवसेबरोबर चाकणच्या बसमध्ये चढलो. उजवीकडची खिडकी मिळाली. फोन त्यानं परातीसारखा दोन्ही हातांत धरला होता. निळा ठिपका पुढं सरकत होता, लाल ठिपका समोरून येत होता. तळवडे मागं पडलं तशी त्यानं शर्टाची कॉलर नीट केली, खिशातून फणी काढून भांग पाडला. पूल आला, आणि देवानं त्याची उदबत्ती गोड मानून घेतली. असा जाम लागला, असा जाम लागला, की नदीसुद्धा थांबल्यासारखी वाटली.

लाल ठिपका निळ्याला येऊन चिकटला. खिडकीला खिडकी लागली.

समोरच्या बसमध्ये डावीकडं बायकांच्या जागा मोकळ्या होत्या. तिकडं सावलीही होती. वहिनी मात्र पुरुषांच्या बाजूला, उन्हात, आमच्या बाजूच्या खिडकीशी बसल्या होत्या. हात लांब केला असता तर लागला असता. मी कानात बोटं घालायच्या तयारीत. म्हटलं, आता हा अशी हाक मारणार की पूल हलणार.

तेवढ्यात आमच्या ड्रायव्हरनं हॉर्नवर हात ठेवला. सुरवसे अर्धा उठला आणि कुजबुजला, "ओ मामा, हॉर्न नका ना मारू. पाया पडतो."

मग तो खाली बसला आणि गजांना धरून नुसता बघत राहिला. त्याचे ओठसुद्धा हलले नाहीत. यथावकाश पुढचा कंटेनर हलला, मग आमची बस हलली, मग ती खिडकी मागं गेली. लाल ठिपका निळ्यापासून सुटा झाला.

मला राहवलं नाही. "अहो सुरवसे, एवढा आटापिटा केला आम्ही! एक हाक तरी मारायची की!"

त्यानं फोन बंद करून माझ्या हातात दिला.

"रोज झोपलेलीच असती."