लाल ठिपक्याची मेमरी

"यात काहीतरी गोम आहे," दुकानाबाहेर पडता पडता फोटोग्राफर बायकोच्या कानाशी कुजबुजला. "मी महागाचा मदरबोर्ड मागितला आणि तो म्हणतो, साधा घ्या! दुकानदार कधी असं सांगतो का?"

गल्लीत त्याला 'तपासनीस' म्हणत. फोटो झकास काढायचा, पण कॅमेरा डोळ्यावरून खाली आला की समोरचा प्रत्येक माणूस त्याला लबाड दिसायचा. स्कूटर उभी केली की तिचा प्लग काढून खिशात टाकायचा. परगावी जाताना टीव्हीच्या रिमोटमधले सेल बरोबर न्यायचा. बायकोने हे सगळं केव्हाच पदरात घेतलं होतं.

आता मात्र प्रश्न अब्रूचा होता. सख्ख्या भाचीच्या लग्नाचे फोटो त्याने काढलेले, आणि ऐन अल्बमच्या वेळी जुन्या कॉम्प्युटरने मान टाकलेली. ताईने फोनवर बजावलं होतं, "रविवारी व्याही येणारेत. तोवर अल्बम हातात नसला, तर सगळे फोटो त्या समोरच्या स्टुडिओवाल्याकडे देईन. भाऊ म्हणून गय करायची नाही मी!" समोरच्या स्टुडिओवाल्याचं नुसतं नाव निघालं तरी तपासनिसाला घास गिळवत नसे.

दुसऱ्या दुकानदाराने शांतपणे सांगितलं, "फोटोच्या कामाला फार पळणारा बोर्ड नको, दिवसभर न अडता चालणारा घ्या. आणि मेमरीच्या दोन्ही पट्ट्या एकाच जोडीतल्या, याच बोर्डावर तपासलेल्या." पहिल्यानेही अगदी हेच सांगितलं होतं.

"दोघं मिळालेले आहेत," तपासनिसाने जाहीर केलं.

तिसरा म्हणाला, "कुठलीही घ्या हो, सगळ्या सारख्याच!"

"याला काही कळत नाही."

"अहो, मग घ्यायचं तरी कोणाकडून?" बायको रडकुंडीला आली.

"पहिल्याकडून. निदान तो लबाड आहे हे आपल्याला ठाऊक आहे."

पहिल्याकडेच कॉम्प्युटर जुळवला गेला. तपासनीस नाक लावून बसला होता. दुकानदाराने पट्ट्या बोर्डावर चढवण्याआधीच याने बायकोच्या नेलपॉलिशने प्रत्येकीच्या कडेला लाल ठिपका दिला. "बदलाबदलीला वाव नको," तो म्हणाला. दुकानदार ठिपके वाळेपर्यंत पट्ट्यांवर फुंकर घालत बसला.

पहिला दिवस मजेत गेला. दुसऱ्या दिवशी नवरीच्या गालावरची पुटकुळी निम्मी पुसली गेली होती, तेवढ्यात पडदा निळा झाला आणि सगळं ठप्प. तपासनीस कॉम्प्युटर उचलून तडक दुकानात.

दुकानदाराने झाकण उघडलं, आत हात घातला, खट् असा आवाज आला आणि यंत्र सुरू! "वाटेत हललं असेल," तो म्हणाला. मग संध्याकाळपर्यंत मेमरीची तपासणी चालवली. एक चूक निघाली नाही.

"त्याने खट् केलं," घरी येऊन तपासनीस बायकोला म्हणाला. "काय खट् केलं ते मात्र सांगत नाही."

पुढच्या दिवशी पुन्हा ठप्प. पुन्हा दुकान, पुन्हा खट्, पुन्हा सुरू. दुकानात गुणी बाळ, घरात हट्टी! म्हणजे घरातच कोणीतरी काड्या करत होतं. आधी संशय मिक्सरवर गेला. तो बंद झाला आणि बायकोचे हात वाटण करून भरून आले. मग फ्रिजवर. मग समोरच्या स्टुडिओवाल्यावर. "आपल्या लाइटीत तोच काहीतरी करतोय. तू खिडकीत उभी राहून त्याच्यावर नजर ठेव."

बायको उभी राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "अहो, तो जांभया देतोय."

"मुद्दाम देतोय!"

शनिवार उजाडला. नवरीची पुटकुळी अजून निम्मीच होती. ताईचा फोन आला तेव्हा तपासनिसाने तो बायकोच्या हातात दिला आणि न्हाणीघरात जाऊन दार लावून घेतलं. खरं सांगायचं तर त्याला रडू यायचं बाकी होतं. शेवटी बायकोनेच दुकानदाराला घरी बोलावलं.

दुकानदाराने झाकण उघडलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "पट्टी नीट बसलेलीच नाही. आणि हा धाग्यांचा गुंता कुठून आला? तुम्ही आत हात घालता का?"

"छे छे! मी कशाला हात घालू? काम संपलं की फक्त मेमरी काढून घेतो, तेवढंच."

"काढून घेता? आणि ठेवता कुठे?"

"खिशात, रुमालात गुंडाळून. कोणी बदलली म्हणजे? सकाळी ठिपका बघतो आणि परत लावतो."

बायकोने डोक्याला हात लावला. दुकानदार मात्र शहाणा. त्याने पट्ट्या पुसल्या, खट् करून बसवल्या, झाकणाला कुलूप घातलं आणि किल्ली बायकोला दिली. मग पिशवीतून एक जुनी, निकामी पट्टी काढून म्हणाला, "रोज खिशात ठेवायला ही घ्या."

तपासनिसाने त्या पट्टीलाही ठिपका दिला आणि त्याचा जीव भांड्यात पडला. रविवारी अल्बम वेळेवर पोचला. ताईने पान न् पान बोट चोळून पाहिलं, रंग तर सुटत नाही ना म्हणून. मग व्याह्यांना सांगितलं, "माझ्या भावाने केलाय!" समोरच्याचं नावही निघालं नाही.

आठवडाभर घरात शांतता होती. मग एका संध्याकाळी तपासनीस खिशातली पट्टी खिडकीशी धरून निरखत बसला.

"अगं, इकडे ये. ही माझी पट्टी नाही."

"ठिपका आहे ना?"

"आहे. पण माझा ठिपका असा गोल गरगरीत कधी येत नाही. कोणीतरी बदलली आहे."

दुकानदाराने दिलेली पट्टी दुपारीच शर्टाबरोबर कपडे धुण्याच्या मशीनमध्ये गेली होती आणि दोन तुकडे होऊन बाहेर आली होती. बायको धावत दुकानात जाऊन तसलीच दुसरी घेऊन आली होती. आता तिने टेबलावरची नेलपॉलिशची बाटली पदराआड केली.

"बाई बाई, आता त्या ठिपक्यावरही संशय! दुकानदाराला काय काय बोललात, त्या समोरच्याला जांभईसुद्धा सुखाने देऊ दिली नाहीत. निघालं काही?"

तपासनिसाची मान खाली गेली. त्याने पट्टी रुमालात नीट गुंडाळून खिशात ठेवली.

"चुकलंच माझं," तो म्हणाला. "स्वभावच मेला वाईट. यापुढे कोणावर संशय घेणार नाही."