एकही थेंब नाही!

विकण्याच्या कलेत माझा हात धरणारा माणूस अजून जन्माला यायचाय! हे मलाच सांगावं लागतं, कारण दुसरं कुणी सांगत नाही. वस्तू विकायला तीन गोष्टी लागतात: चकाकी, आत्मविश्वास आणि बायकोचं मौन. पहिल्या दोन माझ्याकडे मुबलक आहेत. तिसरीची सोय मी रविवारी सकाळी चहा पितानाच करून टाकली.

"आज ते गाडी बघायला येतील, तेव्हा तू एक अक्षर बोलायचं नाहीस."

"मी कशाला बोलू?"

"फ्रिजच्या वेळी काय केलं होतंस?"

फ्रिजच्या वेळी हिने गिऱ्हाइकाच्या हातात पाण्याचा पेला देत गोड आवाजात सांगितलं होतं, "गार आहे ना? शेजारच्यांच्या फ्रिजमधलं आहे."

आणि ही गाडी म्हणजे फ्रिज नव्हे! साठ वर्षांपूर्वी इंग्लंडात बनलेली, दोनच माणसांची, कापडी टप मागे सारून वारा खात हिंडायची मोटार. तीन वर्षांपूर्वी एका बंद गोदामातून मी ती उचलून आणली, तेव्हा तिच्यात उंदरांची तिसरी पिढी सुखाने नांदत होती. मी गंज खरवडला, पत्रा ठोकला, इंजिन उतरवून सगळं सुटं केलं आणि परत जोडलं. टप हिने शिवला. आता गाडी अशी चमकत होती की तिच्या दारात बघून दाढी करावी!

भानगड जागेची होती. गाडी उभी होती गॅरेजमध्ये, आणि गॅरेज हिला हवं होतं. ही शिवणकाम करते. सोमवारपासून तिचा शिवणवर्ग सुरू व्हायचा होता. चौदाजणींनी नावं दिली होती. सहा मशिनं बाहेरच्या खोलीत येऊन पडली होती, आणि आम्ही सोफ्यावर जायला त्यांच्यामधून आडवे होऊन जात होतो. तीन वर्षं ही जेवणाच्या टेबलावर कापड बेततेय, आणि तीन वर्षं मी "पुढच्या महिन्यात गॅरेज रिकामं करतो" म्हणतोय. परवा ती शांतपणे म्हणाली, "सोमवारी गाडी तिथेच असली तर मी वर्ग रद्द करते. पुन्हा विचारणार नाही." ती भांडली असती तर मी निभावून नेलं असतं. पण ती भांडलीच नाही. खरंच सांगतो, मला स्वतःची लाज वाटली.

म्हणजे गाडी आजच खपायला हवी होती. गिऱ्हाईक चार वाजता येणार होतं. गाडीत खोट म्हणाल तर एकच दिसण्यासारखी. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात तिथे खाली वाटाण्याएवढं भोक आहे, त्यातून ऑइलचा थेंब पडायचा. टप्! पंधरा सेकंद गेले की पुन्हा टप्! मी दोनदा इंजिन उतरवलं, थेंब काही थांबला नाही. खाली ताटली ठेवली, ती भरली. परात ठेवली, तीही भरायला लागली.

बारा वाजता मला युक्ती सुचली. हिच्या टेबलाखाली चिंध्या पडलेल्या असतात. त्यातली एक लाल पट्टी उचलली, गाडीखाली शिरलो आणि स्क्रूड्रायव्हरने ती भोकात ठासून ठासून कोंबली. चांगली दोन हात लांब पट्टी आत गेली! मग इंजिन चारदा चालू करून बघितलं. थेंब गायब. फरशी पुसून लख्ख केली आणि शीळ घालत घरात आलो. समोर ही टेबलाखाली वाकलेली.

"अहो, इथली लाल पट्टी पाहिलीत का?"

शीळ बंद झाली. "कसली पट्टी?"

"बँडमास्तरांच्या कोटाच्या कॉलरची. बेतून ठेवली होती, घसरून खाली पडली असेल. सहाला येणारेत ते कोट न्यायला."

"नाही बुवा! सापडेल, सापडेल."

ती कुठे सापडेल हे या पृथ्वीतलावर फक्त मला ठाऊक होतं.

बरोबर चारला गिऱ्हाईक हजर. जहाजावरून निवृत्त झालेले इंजिनिअर, सत्तरीचे. डोक्यावर टोपी, काखेत वर्तमानपत्र. बोलणं कमी. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, बॉनेट उघडून नाक आत घातलं, इंजिन चालू करायला लावलं, कान देऊन ऐकलं. मग म्हणाले, "करा बंद." आणि काखेतलं वर्तमानपत्र उलगडून त्यांनी बरोबर त्या भोकाखाली अंथरलं! स्टूल ओढलं, मनगटावरचं घड्याळ काढून हातात धरलं आणि बसले.

ही दारात उभी होती, ओठ घट्ट मिटून. तिने कागदाकडे बघितलं. रोज तिथे थेंब पडतो हे तिला पाठ होतं. मग तिने माझ्याकडे बघितलं. मी भुवया उडवून गप्प राहायची खूण केली. दोन मिनिटं झाली. पाच झाली. गॅरेजमध्ये घड्याळाची टिकटिक तेवढी ऐकू येत होती. आठव्या मिनिटाला कागदावर काळा ठिपका दिसला. मी वाकून बघितलं. तो ठिपका चालायला लागला. मुंगी होती!

दहा मिनिटांनी ते गुडघ्यांवर बसले, चष्मा चढवून त्यांनी कागद निरखला.

"एकही थेंब नाही?"

मी छाती काढली. "एकही थेंब नाही!"

त्यांनी कागदाची घडी घातली. "मग मला ही गाडी नको."

"आँ?"

"अहो, या इंजिनाला मागच्या बाजूला रबरी सील नसतंच. ऑइल झिरपणार हे धरूनच त्यांनी ते भोक ठेवलंय. थेंब पडत नाही म्हणजे एक तर आत ऑइलच नाही, नाहीतर कुणीतरी भोक बुजवलंय. ऑइल नसेल तर इंजिन संपलं. बुजवलं असेल तर ऑइल क्लचवर चाललंय, म्हणजे तो घसरणार."

मी त्यांना आडवा गेलो. "गळते, साहेब! खूप गळते! दोन वर्षं सारखी गळतेय!"

"आत्ता तर छाती काढून सांगत होतात."

"तुम्हाला बघून बुजली असेल! एक मिनिट, आत्ता गळवून दाखवतो!"

मी पक्कड घेऊन गाडीखाली सूर मारला. भोकातून पट्टीचं टोक नखाएवढं बाहेर होतं. पकडून ओढलं. वीतभर आली. आणखी ओढलं, हातभर आली. वरून हिचा आवाज आला, "थांबा! ती... ती कॉलरची पट्टी आहे!" पण आता थांबणार कोण? मी दातओठ खाऊन शेवटचा हिसका दिला, आणि चार तास साठलेलं ऑइल माझ्या तोंडावर आलं!

गाडीखालून मला फक्त पाय दिसत होते. काळे बूट आणि हिच्या चपला.

"गळण्याचं मला काही वाटत नाही," बूटवाले म्हणाले. "पण जो माणूस थेंब लपवतो तो आणखी काय काय लपवत असेल? येतो मी."

बूट वळले आणि दाराकडे निघाले. ऑइलमध्ये पडल्या पडल्या मला चौदाजणींना फोन करत बसलेली ही दिसायला लागली. तिच्या आवाजात राग नसेल, हे मला माहीत होतं, आणि तेच मला सोसवत नव्हतं. तेवढ्यात चपला हलल्या. झपाझप जाऊन बुटांसमोर उभ्या राहिल्या.

"काका, मी सांगू?"

"अगं, नको!" मी खालून ओरडलो.

"टप मी शिवलाय. डाव्या कोपऱ्यात माझी शिवण चुकलीये. दोनदा उसवून घातली, तरी पाणी येतं."

बूट थांबले. "आणखी?"

"डावीकडे वळलं की हॉर्न आपोआप वाजतो. टाकी रिकामी झाली तरी काटा अर्ध्यावरच असतो. उजवं दार कधी कधी आतून उघडत नाही, मग टप मागे करून उडी मारावी लागते. आणि इंजिन परत जोडलं तेव्हा चार बोल्ट उरलेत. डब्यात ठेवलेत मी, देते."

एकेका वाक्यागणिक माझी गाडी भंगाराच्या दुकानाकडे सरकत होती. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा बुटांची टोकं गाडीकडे वळलेली!

"चार बोल्ट?" त्यांच्या आवाजात चक्क हसू होतं. "कुठले ते मला बघितल्याशिवाय चैन पडायचं नाही. ताई, दुखणं कळलं की मला इलाज करता येतो. गाडी घेतली मी. क्लच धुवावा लागेल, म्हणून ओढून नेतो. माणूस बोलावतो आत्ताच."

"आत्ता? म्हणजे... आजच?" हिचा आवाज कापला. तीन वर्षांत तो असा ऐकला नव्हता.

"आजच. आणखी काही दोष राहिला असेल तर सांगून टाका, ताई."

चपला सावकाश गाडीकडे वळल्या.

"एक राहिलाय, काका. पण तो तुम्हाला नेता यायचा नाही. खालून बाहेर आला की तो इथेच राहणारे."

दोघंही पोट धरून हसले. यावर माझ्याकडे सणसणीत उत्तर तयार होतं, आजही आहे! पण तेव्हा तोंड उघडलं असतं तर ऑइल आत गेलं असतं.