सर्फराजच्या फोनची सुटका

बंधनाशिवाय वस्तूची किंमत कळत नाही. हे गंभीर सत्य कुवेतमधल्या एका मोबाइल कंपनीने ओळखले आणि करारावर दिलेला प्रत्येक फोन कुलूप घालून स्वतःच्याच नेटवर्कला बांधला. ग्राहकाचे हित यात उघड आहे. फोन वाईट संगतीला लागत नाही.

अब्बासियातल्या आमच्या खोलीतला सर्फराज हा असाच एक सुरक्षित ग्राहक. त्याने मोठ्या पडद्याचा फोन घेतला आणि सुट्टीवर निघालेल्या अफताबच्या हाती हर्णैला, आईकडे पाठवला. आईची नजर अधू होत चालली आहे. पुरती जाण्याआधी तिला लेकाचा चेहरा एकदा नीट बघायचा होता. (सर्फराज स्वतः का गेला नाही, हा मुद्दा प्रस्तुत विषयाच्या कक्षेत येत नाही.)

हर्णैत फोनने गावचे सिम नाकारले. कुलूप काढायचे तर फोन कुवेतमध्ये जातीने हजर हवा, असा नियम. त्यामुळे तो गावाहून कुवेतला परतणाऱ्या हुस्नाभाभींच्या बॅगेतून, सुक्या बोंबलांना खेटून परत आला. कंपनीच्या काउंटरवरच्या फैसलने तो नाकापासून जरा लांब धरला. (वासाबाबत कंपनीचे धोरण अद्याप ठरलेले नाही.)

"फोन किसका है?"

"मेरा," सर्फराज म्हणाला.

"अभी कंपनी का है. आप सिर्फ चलाते हैं."

मालकी हक्काचा कायदा इतक्या थोडक्यात समजावणारा माणूस आम्ही पाहिला नव्हता. पुढे असे कळले की करार संपल्याशिवाय फोन सुटत नाही, आणि तोवर तो सलग याच नेटवर्कवर वापरात असावा लागतो. हर्णैत तो नुसता पडून होता, म्हणजे त्याची वागणूक समाधानकारक नव्हती. सबब त्याला सर्फराजच्या देखरेखीखाली ठेवण्यात आले. (समाधानी ग्राहक: एकशे दोन टक्के. काहींनी बटण दोनदा दाबले.)

पण ग्राहकाला हक्क असतात, आणि ते आम्ही इरेला पेटून मागितले. करार संपताच तक्रार केली, खेटे घातले, अरबीत अर्ज टाइप करून घेतले, सालमियातल्या मोठ्या साहेबापर्यंत धडकलो. अखेर फैसलने कोड घातला. पडद्यावर संदेश आला: 'अभिनंदन. आता आपण हवे तिथे जाऊ शकता.'

सर्फराज संदेशाकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "भाई, मेरे लिए भी कोई कोड है क्या? कफील पासपोर्ट दबाके बैठा है. न छुट्टी देता है, न दूसरी नौकरी के लिए रिलीज."

कुवेतमध्ये कामगाराचा व्हिसा ज्या मालकाच्या हाती असतो, तो कफील. फैसलला खरोखरच वाईट वाटले. "वो लॉक हमने नहीं लगाया," तो म्हणाला.

त्या दिवशी आमच्या खोलीत बिर्याणी झाली. फोन पुन्हा अफताबबरोबर गेला. आईने तो अगदी डोळ्यांशी नेऊन लेकाला बघितले आणि म्हणाली, "दिसलास रे. आता कवा येतोस ते सांग." सर्फराजने नेटवर्क खराब असल्याचे सांगितले. ते उत्तम होते.

फोन सध्या हर्णैत खुशाल आहे. वर कंसात टाकलेला मुद्दा वाचकांपैकी कोणी उचलून धरल्याची नोंद नाही. सर्वांनी शिस्तीत फोन सुटण्याची वाट पाहिली, याबद्दल कंपनी आणि कफील दोघेही आपले आभारी आहेत.