दहा मीटरच्या आतली ओळख

माणसाचं खासगी आयुष्य त्याच्याभोवती साधारण दहा मीटरपर्यंत पसरलेलं असतं. हे मी म्हणत नाही. भावोजींच्या हॉलमधल्या स्पीकरच्या माहितीपुस्तिकेत छापलेलं आहे. फोन, घड्याळ, स्पीकर, वजनकाटा असा एका माणसाचा सगळा लवाजमा एवढ्या टापूत ब्लूटूथवर, म्हणजे बिनतारी, आपापसांत बोलत असतो. या यंत्रांची शिस्त वाखाणण्यासारखी आहे. अनोळखी यंत्राशी ती चकार शब्द बोलत नाहीत. पहिल्या वेळी दोन्हीकडून रीतसर परवानगी लागते. (नातेवाइकांना ही पायरी लागू नाही.) एकदा ओळख झाली, की मात्र पुढे विचारायचं काम नाही; ओळखीचं यंत्र टापूत आलं, की गळ्यात गळा.

भावोजी लिफ्ट-निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. ओळखीपाळखीतून पास झालेल्या लिफ्टा दोन मजल्यांच्या मधे अडकतात, हा त्यांचा नोकरीभराचा अनुभव. त्यामुळे मुलीच्या लग्नाचा विषय निघाला तेव्हा त्यांनी एकच अट घातली: मुलगा संपूर्ण अनोळखी हवा. माझ्या बहिणीने ती लगेच मान्य केली. (संशय तेव्हाच यायला हवा होता.)

असा मुलगा मुलीच्या आत्याने शोधून काढला. इमारतींचे नकाशे काढणारा. "आपल्यापैकी कोणी त्याला पाहिलेलं नाही, ऐकलेलं नाही," आत्या अभिमानाने म्हणाली.

रविवारी सकाळी मुलगा आईवडिलांबरोबर आला. मुलीचा मामा या नात्याने मीही हजर होतो. मुलाने उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं आणि फडताळावरचा स्पीकर बाईच्या आवाजात, आपुलकीने म्हणाला, "जोडणी झाली."

मुलाच्या आईने "घर किती हवेशीर आहे," असं म्हणून पाहिलं.

भावोजींनी चष्मा चढवला. तपासणी म्हटली, की त्यांची तब्येत खुलते. त्यांनी सर्वांना आपापले फोन टीपॉयवर ठेवायला सांगितले. पाहुण्यांनीही ठेवले. मुलाच्या फोनवर लिहिलं होतं: हॉलमधला स्पीकर, जोडलेला.

"आपोआप लागला असेल, काका," मुलगा म्हणाला.

"आपोआप लागत नाही. पहिल्यांदा स्पीकरचं बटण दाबून धरावं लागतं."

"मी धरलं होतं," मुलगी म्हणाली.

"कशासाठी?"

"गाणी ऐकायला."

हे कारण तांत्रिकदृष्ट्या योग्य असल्याचं भावोजींनी मान्य केलं आणि ते खाली वाचत गेले. मुलीचं घड्याळ. टीव्ही. वजनकाटा. (काट्याने मुलाचं वजन महिनावार जपून ठेवलं होतं आणि ते चढतं होतं.)

"तरीच याला घरी भूक नसायची," मुलाची आई माझ्या बहिणीकडे बघत म्हणाली. बहिणीने चहात साखर किती, ते विचारलं.

"मग मी शोधलं ते काय?" आत्या म्हणाली.

"आत्या, तुला त्याचा पत्ता माझ्याच मैत्रिणीच्या आईने दिला ना?" मुलगी म्हणाली. आत्या भिंतीकडे तोंड करून बसली.

भावोजी उठले. "बैठक संपली," ते म्हणाले. पाहुणे चपला शोधू लागले. मुलीने मुलाचा फोन उचलून वडिलांपुढे धरला. "शेवटचं नाव राहिलंय, बाबा."

शेवटचं नाव भावोजींच्या श्रवणयंत्राचं होतं.

"हे कोणी जोडलं?"

"तुम्हीच," मुलगा हळूच म्हणाला.

ते खरं होतं. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर भावोजी पट्टी बांधून पडले होते, त्यात श्रवणयंत्र बंद पडलं. मुलीने 'दुकानातून माणूस' बोलावला. भावोजींना तो दिसला नाही (पट्टी) आणि ऐकू आला नाही (यंत्र बंद). त्याने यंत्र दुरुस्त केलं, आपल्या फोनवर तपासलं आणि परवानगीचं बटण भावोजींच्या बोटाखाली दिलं. त्यांनी दाबलं. ऐकू येऊ लागलं तेव्हा माणूस निघून गेलेला होता. पुढे कित्येक महिने भावोजी त्याच्या मितभाषीपणाचं कौतुक करत. यापेक्षा अनोळखी मुलगा व्यवहारात मिळणं अवघड आहे.

"संध्याकाळी कधीकधी माझ्या कानात टुण् वाजतं," भावोजी सावकाश म्हणाले. "डॉक्टर म्हणतात, वयाचं आहे."

"मी खाली जिन्याशी उभा असायचो, काका."

भावोजींनी वर छताकडे पाहून मजल्यांची उंची मोजली. तीन मजले, प्रत्येकी तीन मीटर; एकूण नऊ, म्हणजे दहाच्या आत. हिशेब जुळला तसे ते खाली बसले. त्यांनी कानाला हात लावून पाहिला.

"गेल्या महिन्यात आठवडाभर वाजलं नाही."

"गावाला गेलो होतो."

"मग सांगून जायचं," भावोजी म्हणाले. "माणूस वाट बघतो."

लग्न ठरलं. अधिकृत माहितीनुसार दोघं त्या रविवारी प्रथमच भेटले आणि स्थळ आत्याने शोधलं. वेगळं मत असणाऱ्यांशी आत्या बोलत नाही.

वाचक एव्हाना आपापला फोन काढून जोडलेल्या यंत्रांची यादी बघत असतील. सहज म्हणून. त्यात एखादं नाव आता नको असेल, तर काळजीचं कारण नाही. 'विसरा' असं बटणच दिलेलं आहे. जरूर दाबा. फक्त एक तांत्रिक बाब लक्षात असू द्या. विसरतो तो तुमचा फोन. पलीकडच्या यंत्राच्या आठवणीत तुम्ही तसेच राहता, नावासकट. आणि ते यंत्र सध्या कोणाच्या घरात आहे, हे मी तुम्हाला सांगायला नको.